नवी मोरपंखी, सायप्रस, ख्रिसमस ट्री तपकिरी पडतेय? फवारणीआधी मुळं उकरा

सोसायटीच्या कंपाउंडलगत पाच-सहा फुटी गोल्डन सायप्रसची किंवा मोरपंखीची रांग लावायची, ती दोन महिने हिरवीगार दिसायची आणि एप्रिल उजाडला की एकेक झाड तपकिरी पडायला लागायचं. पुणे-नाशिक पट्ट्यात ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. त्यावरचा उपायही ठरलेला असतो. एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक आणि थोडं १९:१९:१९ विद्राव्य खत एकाच पंपात कालवून फवारलं जातं. महिनाभरात आणखी चार झाडं जातात आणि खापर नर्सरीवर फुटतं.

ही फवारणी बहुतेक वेळा वाया जाते, कारण या झाडांची पानं बातमी फार उशिरा देतात. जास्वंदीला पाणी कमी पडलं तर दुपारपर्यंत पानं माना टाकतात, संध्याकाळी पाणी दिलं की सावरतात. मोरपंखी, जुनिपर, सायप्रस, अरोकेरिया यांच्या पानांवर मेणचट, चिवट आवरण असतं. मुळं मेली तरी ती कित्येक आठवडे हिरवी राहतात. आज दिसणारा तपकिरी रंग साधारण महिना-दोन महिन्यांपूर्वीच्या घटनेचा असतो. म्हणून पहिला प्रश्न “आज काय फवारू” हा नसावा. झाड कधी लावलं, कसं लावलं आणि त्यानंतर पाणी कोण आणि किती देत होतं, हे आधी विचारा. लागवडीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत दोष बहुतेकदा जमिनीखाली सापडतो.

काळजी न करण्याजोगी गळ

सदाहरित म्हणजे पान कधीच न गळणारं, असा समज असेल तर तो आधी सोडायला हवा. मोरपंखीच्या आत, खोडाजवळ उजेड न पोचणारी जुनी पानं तपकिरी होऊन तिथेच लटकत राहतात. (शाळकरी मुलं ‘विद्या’ म्हणून वहीत ठेवतात ती हीच मोरपंखी.) चिडाच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात येतात आणि जुन्या सुया मुख्यतः उन्हाळ्यात गळतात. अरोकेरिया, म्हणजे नर्सरीतली ‘ख्रिसमस ट्री’, सुट्या सुया कमी आणि आख्ख्या शेपटीसारख्या डहाळ्या जास्त टाकते. कोकणातला सुरू तर सूचिपर्णी नाहीच. त्याची ‘सुई’ ही पेरांची बारीक काडी असते. ती ओढली की पेरावर तुटते आणि तिथे भिंगातून दिसणारे इवलेसे दाते हीच त्याची पानं. सुरूखाली वर्षभर तपकिरी गालिचा असणारच.

ओळखायचं असं: गळ आतल्या आणि खालच्या भागात आहे, सगळ्या बाजूंनी सारखी आहे आणि फांद्यांची टोकं ताजी, लवचिक, हिरवी आहेत, तर झाड आपलं काम करतंय. पण लाल कोळी (पानांतला रस शोषणारी अगदी बारीक कीड) आणि पानांवरचा करपा यांचीही सुरुवात आतून आणि खालून होते. म्हणून खाली दिलेली कागदाची चाचणी एकदा करून घ्या आणि मगच निश्चिंत व्हा.

झाड मुळात इथलं आहे का, हेही बघा. देवदार हिमालयात साधारण १५०० ते ३२०० मीटर उंचीवर वाढतो. तो विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात लावला आणि सुया गळल्या, तर रोग शोधत बसण्यात अर्थ नाही. मोरपंखी, चिनी जुनिपर आणि अरोकेरिया दख्खनच्या पठारावर निभावतात. पिवळ्या-सोनेरी जाती तुलनेने नाजूक असतात, भर उन्हात त्यांची टोकं आधी करपतात.

लांबून बघा: कुठून सुरू झालं?

झाडाजवळ जाण्याआधी दहा पावलं मागे उभे राहून रांग बघा. निम्मं निदान इथेच होतं.

टोकं आधी वाळली आणि वाळणं शेंड्याकडून खाली येतंय, तर मुळांकडून पाणी वर पोचत नाही. माती कोरडी असेल किंवा मुळं कुजली असतील. वरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. झाड सुकतंय म्हणून कुजलेल्या मुळांवर आणखी पाणी ओतलं जातं.

फक्त एकच बाजू तपकिरी असेल तर कारण बाहेर शोधा. पश्चिमेचं ऊन, तापलेली भिंत, काचेवरून परतणारा उजेड, एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा, समुद्राकडून येणारा खारा वारा, शेजारच्या प्लॉटवर मारलेलं तणनाशक. बुरशी किंवा कीड दिशा बघून बसत नाही.

रांगेत एखाददुसरंच झाड गेलं असेल तर त्या झाडाचा ठिबकचा ड्रिपर चोंदला आहे का ते पाहा. उताराच्या खालच्या टोकाची तीन-चार झाडं सलग गेली असतील तर तिथे पाणी साचतंय. रस्त्याकडच्या बाजूला तळाचा दीड-दोन फुटांचा पट्टाच जळाला असेल, तर सकाळी फिरायला येणाऱ्या कुत्र्यांवर नजर ठेवा. मूत्रातल्या क्षारांनी आणि नत्राने पान जळतं. छोटी जाळी लावली की प्रश्न मिटतो.

आजूबाजूची सगळी हिरवी असताना एखादीच फांदी तपकिरी झाली, तर त्या फांदीच्या बुडाशी जा. तिथे चीर, खोलगट डाग, डिंकासारखी राळ किंवा तारेने आवळल्याचा वण सापडेल. नवी टोकं पिवळी आणि जुनी पानं हिरवी असतील तर लोहाची कमतरता, आणि तीही बहुधा चुनखडीच्या जमिनीमुळे. टोकं वेडीवाकडी पिळवटलेली असतील तर लॉनमधल्या रुंद पानांच्या तणावर मारलेलं २,४-डी हे तणनाशक उडालेलं असण्याची शक्यता मोठी.

आणि आख्खं झाड आठ-पंधरा दिवसांत एकदम गवताच्या रंगाचं झालं असेल, तर ते केव्हाच मेलेलं आहे. खात्रीसाठी नखाने किंवा चाकूने साल खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर तो भाग जिवंत. टोकाकडून सुरुवात करून खोडाच्या बुडापर्यंत या. बुडाशीही तपकिरी आणि कोरडं असेल तर तिथेच थांबा.

आता खुरपं घ्या

लागणारं सामान: खुरपं, दोन फुटी ८ किंवा १० मिमीची सळई, पाण्याच्या दोन बादल्या, पांढरा कागद आणि जमलं तर १० पटीचं भिंग.

पहिली गोष्ट बुंध्याची खोली. खोडालगतची माती हाताने बाजूला करत पहिली जाड मुळं सापडेपर्यंत खाली जा. ती वरच्या ५ सेंमीत मिळायला हवीत आणि तिथे खोड थोडं पसरलेलं दिसायला हवं. खोड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत घुसलेलं दिसलं तर झाड खोल लावलं गेलं आहे. हे दोन ठिकाणी घडतं. नर्सरीत लहान पिशवीतून मोठ्या पिशवीत हलवताना दर वेळी वर मातीचा थर चढतो. पुढे ठेकेदार तीन फूट खोल खड्डा घेतो, त्यात शेणखत आणि भुसभुशीत माती भरतो आणि वर झाड ठेवतो. पहिल्या पाण्यात ही भर दबते आणि झाड तीन-चार इंच खाली बसतं. खोडाची साल सतत ओल्या मातीत राहण्यासाठी नसते. ती मऊ पडते, कुजते आणि मुळांना हवा मिळत नाही. लागवडीला महिना-दीड महिनाच झाला असेल तर पावसाळी, ढगाळ दिवशी मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट उचलून पुन्हा लावा. त्याहून जुनं असेल तर खोडाभोवती फूटभर अंतरापर्यंतची जादा माती काढून बुंधा मोकळा करा. मात्र तिथे वाटी तयार होऊन पावसाचं पाणी तुंबणार नाही, असा उतार ठेवा.

दुसरी गोष्ट ओल. ही एकाच जागी तपासू नका. सळई आधी झाडासोबत आलेल्या मातीच्या गोळ्यात घाला, मग खड्ड्यात भरलेल्या मातीत. दोन्हींतून मूठभर माती काढून दाबा. भुगा झाला तर कोरडी, लाडू वळला आणि पाणी आलं नाही तर योग्य, बोटांतून पाणी गळलं तर जास्त. नवीन लावणीत हटकून सापडणारा प्रकार असा की बाहेरची माती चिंब आणि आतला गोळा खडखडीत. नव्या झाडाची सगळी मुळं पहिले काही महिने त्या गोळ्यातच असतात. तो गोळा कोकोपीटचा असेल तर एकदा पूर्ण वाळल्यावर तो पाणी धरत नाही. आकसून कडेला फट पडते आणि बादलीभर पाणी त्या फटीतून खाली निघून जातं. राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या नर्सऱ्यांमधून ट्रकने येणाऱ्या मोठ्या झाडांत गोळा कधी इतका दाट मातीचा असतो की तोही वरूनच पाणी परतवतो. उपाय एकच. पाइपची धार अगदी बारीक करून गोळ्यावरच अर्धा-पाऊण तास सोडा, तासाभराने पुन्हा सोडा आणि सळईने गोळ्यात सात-आठ भोकं पाडून ठेवा.

तिसरी गोष्ट मुळांचा रंग आणि वास. गोळ्याच्या कडेला बोटभर खड्डा करून बारीक मुळं बघा. निरोगी मुळाचं टोक पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं मूळ काळपट होतं आणि चिमटीत धरून ओढलं की वरचं आवरण सुटून आतली दोऱ्यासारखी नस हातात राहते. मातीला आंबूस, गटारासारखा वास आणि करडा-निळसर रंग असेल तर तिथे हवा नाही.

चौथी गोष्ट वेष्टण. गोणपाट हळूहळू कुजतं, तरी वरचा भाग कापून काढायला हवा. सिमेंटच्या गोणीसारखं प्लॅस्टिकचं विणलेलं पोतं कुजत नाही, आणि झाडं त्याच पोत्यासकट पुरलेली नेहमी सापडतात. खोडाभोवतीची नायलॉनची सुतळी वर्षभरात साल कापून आत रुतते. ग्रो बॅग काढली असेल तरी गोळ्याभोवती गोल फिरलेली मुळं तशीच सोडली तर ती गोलच फिरत राहतात, बाहेरच्या मातीत जात नाहीत. लावतानाच गोळ्याच्या बाजूचा साधारण २ ते ३ सेंमीचा थर धारदार कोयत्याने सगळीकडून तासून काढायचा असतो. ऐकायला क्रूर वाटतं, पण नवी मुळं त्या कापांतूनच बाहेर पडतात.

खड्डा की टाकी?

दख्खनच्या मुरमात किंवा काळ्या मातीत खणलेला खड्डा पुष्कळदा भांड्यासारखा वागतो. वरून पाणी येतं, खालून जात नाही. नव्या इमारतींच्या आवारात तर खाली राडारोडा, सिमेंटची पोती आणि चुना पुरलेला असतो, वर फूटभर विकत आणलेली लाल माती असते.

तपासणी सोपी आहे. झाडाशेजारी, गोळ्याबाहेर, फूटभर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या. पाण्याने भरा आणि जिरू द्या. लगेच दुसऱ्यांदा भरा आणि काठी उभी करून तासाला पाणी किती उतरतं ते मोजा. तासाला २.५ सेंमी किंवा जास्त उतरलं तर ठीक. त्याहून कमी असेल तर निचरा अपुरा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसलं तर तिथे कोणतीही सूचिपर्णी जात तशीच लावू नये.

अशा जागी खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी टाकण्याची आपल्याकडे मोठी पद्धत आहे. तिचा उपयोग होत नाही. पाणी बारीक मातीतून जाड खडीत उतरायला कचरतं, वरची माती आधी पूर्ण भिजते आणि मुळांचा ओला पट्टा उलट आणखी वर येतो. शिवाय खड्ड्यालाच बाहेर जायला वाट नसेल तर खडीतलं पाणी तरी जाणार कुठे? काळ्या मातीत थोडी वाळू मिसळणंही तसंच फसवं. करायचं ते असं: खड्ड्याच्या बाजूच्या भिंती पहारीने फोडा, उताराच्या दिशेने चर काढून पाणी बाहेर न्या आणि झाड उचलून लावा. गोळ्याचा वरचा एक तृतीयांश भाग जमिनीच्या वर ठेवून चारी बाजूंनी मातीचा ढाळ द्या. खड्डा रुंदीला गोळ्याच्या दोन ते तीन पट, खोलीला गोळ्याच्या दोन तृतीयांशाएवढाच. तळाची माती हलवू नका, म्हणजे झाड खाली बसणार नाही.

पाणी किती?

“रोज भरपूर” हे उत्तर नव्हे. जमिनीपासून १५ सेंमीवर खोडाची जाडी मोजा. दर २.५ सेंमी जाडीला एका वेळी ४ ते ६ लिटर धरा. म्हणजे ५ सेंमी जाड खोडाला ८ ते १२ लिटर. पहिले दोन आठवडे रोज, तिसऱ्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत दोन-तीन दिवसांनी, पुढे मुळं बाहेर पसरेपर्यंत आठवड्याला एकदा सावकाश आणि खोलवर. हे आकडे सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरा. अंतिम निर्णय सळईला लागलेल्या मातीचा. मे महिन्यात हलक्या मुरमाड जमिनीत पाळी लवकर येईल, काळ्या मातीत लांबेल.

ठिबक असेल तर ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर दीड तास चालवले की १२ लिटर होतात. ड्रिपर पहिले तीन महिने गोळ्यावरच, खोडापासून १० ते १५ सेंमीवर हवेत. लॅटरल (ठिबकची नळी) अंथरणारा माणूस सरळ रेष राखतो आणि ड्रिपर गोळ्याबाहेर फूटभर लांब पडतात. बाहेरची माती चिंब आणि गोळा कोरडा, हे कोडं तिथून सुरू होतं. तीन महिन्यांनी मात्र ते बाहेर सरकवा, नाहीतर मुळांना बाहेर यायचं कारणच राहत नाही. लॉनच्या फवाऱ्यावर विसंबू नका. त्याने वरचा एक इंच भिजतो आणि झाडाची पानं रोज ओली राहून करप्याला आमंत्रण मिळतं.

जुलैमध्ये टायमर बंद करायला विसरणं हे तर नेहमीचंच. पाऊस आणि ठिबक दोन्ही चालू राहतात, मुळं ऑगस्टमध्ये कुजतात आणि झाड ऑक्टोबरच्या उन्हात तपकिरी पडतं. मग सगळे “ऑक्टोबर हीट” म्हणतात. पाऊस लागला की आळ्याचा बांध एका बाजूने फोडून ठेवा.

बोअरचं, टँकरचं, एसटीपीचं पाणी

पाने टोकाकडून सारखी करपतात, मातीवर पांढरा पापुद्रा दिसतो आणि ओल बरोबर आहे, तेव्हा पाणी तपासून घ्या. विद्युत वाहकता (पाण्यातल्या क्षारांचं माप) ०.७ डेसीसीमेन प्रति मीटरच्या आत असेल तर चिंता नाही. ०.७ ते ३ मध्ये सांभाळून, ३ च्या वर गेलं तर नाजूक झाडांना देऊ नका. हातातल्या टीडीएस मीटरवर हे साधारण ४५० आणि २००० पीपीएम असं वाचा. सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रियेतून आलेल्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइड जास्त असू शकतं. निचरा चांगला असेल तर महिन्यातून एकदा नेहमीच्या दुप्पट-तिप्पट गोडं पाणी देऊन क्षार खाली धुऊन काढा. निचरा नसलेल्या खड्ड्यात हे केलं तर झाड बुडेल.

लोहाच्या कमतरतेने आलेल्या पिवळेपणावर हिराकस (फेरस सल्फेट) टाकला जातो. चुनखडीच्या जमिनीत तो लगेच बांधला जातो. ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोहही सामू (पीएच) ६.५ च्या वर नीट टिकत नाही. तिथे ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मातीतून द्यावं लागतं. महाग आहे, पण निदान पोचतं तरी.

खताबद्दल थोडक्यात. मुळं दुखावलेल्या झाडाला युरिया किंवा विद्राव्य खत देणं म्हणजे क्षारांचा भार वाढवणं. पहिले दोन महिने काहीही देऊ नका. खड्ड्यात शेणखत घालायचंच तर भरलेल्या मातीच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको, आणि ते पूर्ण कुजलेलं, गार, वास नसलेलं हवं. कोंबडीखत नको.

ऊन

नर्सरीत ५० टक्के शेडनेटखाली वाढलेलं झाड मार्चमध्ये उघड्यावर, फरशी आणि भिंतीच्या मधल्या दोन फुटी पट्ट्यात लावलं तर पश्चिमेची बाजू भाजणारच. सहा आठवडे पश्चिमेला ५० टक्क्यांची जाळी उभी करा, झाडापासून फूटभर अंतर ठेवून. झाडाला जाळी गुंडाळू नका, आत हवा कोंडते आणि कोळी वाढतो. मुळांवर उसाच्या पाचटाचं ५ ते ८ सेंमी आच्छादन टाका, खोडापासून १० सेंमी मोकळं सोडून. लॉनचं ताजं कापलेलं गवत आच्छादन म्हणून चालत नाही, ते तापतं आणि चिकट थर होऊन बसतं.

खरं तर लागवडीचा महिनाच बरेच प्रश्न ठरवतो. देशावर पहिला चांगला पाऊस झाल्यावर, जून अखेर ते जुलै. महाबळेश्वर किंवा कोकणासारख्या धो-धो पावसाच्या भागात ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर. उद्घाटनासाठी मार्चमध्ये केलेली लावणी फोटोपुरती छान दिसते.

कीड: पांढऱ्या कागदाची चाचणी

मुळं, ओल आणि निचरा ठीक निघाले तरच इकडे वळा. अपवाद जुनिपर आणि मोरपंखीवरच्या लाल कोळ्याचा. फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत तो आधी तपासला तरी हरकत नाही. पान धुळकट, पिवळट ठिपक्यांचं, मग तांबूस दिसतं. फांदीखाली पांढरा कागद धरून तीन-चार टिचक्या मारा आणि मिनिटभर थांबा. मिरीच्या भुकटीसारखे ठिपके चालायला लागले तर कोळी आहे. एका टिचकीला दहाहून जास्त असतील तर उपाय करा. एखाद-दुसरा झपाझप पळणारा बहुधा कोळी खाणारा मित्र असतो, त्याला राहू द्या.

पहिला उपाय पाण्याची जोरदार धार. पहाटे, आतून आणि खालून, तीन-चार दिवसांनी एकदा, दोन आठवडे. तेवढ्याने आटोक्यात येत नसेल तर ८० टक्के पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तेव्हा गंधक पान जाळतं, म्हणून एप्रिलमध्ये ते पहाटेच किंवा नकोच. तेलयुक्त फवारणीनंतर तीन आठवडे गंधक टाळा. निळसर जातींवर तेल मारू नका, निळी झाक उतरते. आणि सायपरमेथ्रिन किंवा इमिडाक्लोप्रिड मारून कोळी जात नाही. मित्रकिडी मरतात आणि पंधरा दिवसांत कोळी दुपटीने परततो. “फवारलं आणि वाढलंच” या तक्रारीमागे बहुतेक हेच असतं.

झाड हलवल्यावर डुलतं, जरा ओढलं तर उपटून येतं आणि मुळं कुरतडलेली दिसतात: हुमणी. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून ती किंवा तिची अंडी येतात, जुलै ते सप्टेंबर ती मुळं खाते. माती उकरून वेचून काढा, ओल्या जमिनीत मेटारायझियम ही किडीला मारणारी बुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून गोळ्याभोवती द्या. खोडावर मातीचे पापुद्रे चढले असतील तर वाळवी. ती बहुधा मेलेल्या भागावर येते, पण कोरड्या मुरमात पुरलेली गोणपाटं आणि सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे तिला जिवंत झाडापर्यंत आणतात. ते आधी काढा. अरोकेरियाच्या पेरांत कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर पिठ्या ढेकूण. मुंग्यांची रांग बुंध्याशीच तोडा आणि पाण्याच्या धारेने पुंजके धुऊन काढा.

रोग

फायटॉप्थोरा या रोगजंतूची मूळकूज पाणी तुंबलेल्या जागीच जोर धरते. बुंध्याची साल खरवडली की आत तांबूस-तपकिरी पट्टा दिसतो आणि त्याच्या वर हिरवं असतं. मेटॅलॅक्सिल किंवा फोसेटिल घटकाची औषधं तिला अडवतात, मेलेली मुळं परत आणत नाहीत. निचरा न सुधारता मुळांशी औषधाची आळवणी करणं म्हणजे पैसे पाण्यात, शब्दशः.

पावसाळ्यात खालून-आतून वर-बाहेर चढत जाणारा करपा मोरपंखी आणि सायप्रसवर येतो. टोकं हिरवी, आतला गाभा पोकळ. दाट लावलेल्या रांगेत तो लवकर पसरतो. मेलेली पानं झाडून काढा, हवा खेळू द्या, पावसाच्या उघडिपीत कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के लिटरला २.५ ते ३ ग्रॅम. सायप्रसच्या एकेका फांदीवर राळ गळत असेल तर खोडकूज आहे. फांदी डागाच्या १०-१५ सेंमी खाली कापा, कात्री दर कापानंतर स्पिरिटने पुसा. खोडावरच डाग असेल तर औषध नाही.

काय परत येतं, काय येत नाही

मोरपंखी, सायप्रस आणि जुनिपरची तपकिरी झालेली फांदी पुन्हा हिरवी होत नाही, आणि पानं नसलेल्या जुन्या लाकडातून फूटही येत नाही. अरोकेरियाच्या खालच्या फांद्यांची जागा कायमची रिकामी राहते. तिचा शेंडा मोडला तर पूर्वीचा डौलदार आकार गेलाच. (ती दक्षिणेकडे कललेली दिसली तर मात्र घाबरू नका. कुक पाइन नावाची जात उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे झुकते, तो तिचा स्वभाव आहे.) तोल साधण्यासाठी हिरव्या फांद्या छाटू नका. तीच पानं नव्या मुळांना अन्न पुरवतात. खरवडून मेलेला निघालेला भागच काढा.

अर्ध्याहून जास्त पानोरा गेला असेल आणि शेंडाही वाळला असेल तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाट न बघता झाड काढा. त्याहून कमी असेल तर कारण दूर करून दीड-दोन महिने नवी टोकं फुटतात का ते पाहा.

बदली झाड त्याच खड्ड्यात तसंच ठेवलं तर तेही जाईल. आधी वरची निचऱ्याची चाचणी करा. ट्रकमधून उतरवताना खोड धरून उचलू देऊ नका, गोळा धरून उचला. लगेच लावू नका, दहा-पंधरा दिवस अर्ध्या सावलीत ठेवून पाणी द्या. प्रवासात दुखावलेली झाडं तेवढ्यात निवडता येतात. दोन काठ्यांचा आधार सैल बांधा, खोडाच्या खालच्या दोन तृतीयांशात, आणि वर्षाने सोडा. आणि नर्सरीतच एक गोष्ट बघून घ्या: बॅगेच्या तळातून बोटाएवढं जाड मूळ जमिनीत गेलेलं असेल आणि ते तुमच्यासमोर कापून झाड गाडीत चढवलं जात असेल, तर ते सोडून शेजारचं लहान झाड घ्या. चार फुटांचं धडधाकट झाड बहुतेक वेळा अशा आठ फुटी झाडाआधी वाढीला लागतं.